अकरा वाजून अकरा मिनिटांनी

आमच्या स्वयंपाकघरात दोन दिनदर्शिका शेजारी शेजारी टांगलेल्या आहेत. डावीकडे कालनिर्णय. आईने ते लोणच्याच्या बरणीभोवती गुंडाळून पाठवलं होतं, त्यामुळे मार्चपासून मेपर्यंतचे सगळे सण तेलकट आहेत. उजवीकडे कचऱ्याची दिनदर्शिका : कागद कधी न्यायला येणार, प्लास्टिक कधी, भाजीची सालं कधी. डावीकडची तिथी चुकली तर देव बघून घेतो. उजवीकडची चुकली तर तळमजल्यावरच्या आजी बघून घेतात, आणि त्या देवाइतक्या समजूतदार नाहीत.

फेब्रुवारी २०२६ चं पान उलटलं तेव्हाच माझ्या पोटात गोळा आला होता. १२ तारखेच्या गुरुवारी कार्निव्हल रस्त्यावर उतरणार. शनिवारी व्हॅलेंटाइन. रविवारी महाशिवरात्र. सोमवारी कार्निव्हलची मोठी मिरवणूक. मंगळवारी चिनी नवं वर्ष, कारण माझ्या डाव्या खोलीत वुहानचा मुलगा राहतो. गुरुवारी शिवजयंती आणि उजव्या खोलीतल्या तुर्की दादाचा पहिला रोजा. आणि या सगळ्याच्या मधोमध, बुधवारी सकाळी ९ वाजता, माझा पेपर. त्या चौकोनात मी पेनने 'परीक्षा' लिहिलं, तर कालनिर्णयात जागा उरली नव्हती म्हणून 'परी' एका दिवसात आणि 'क्षा' दुसऱ्या दिवसात गेलं.

मी कोलोनला शिकतो. जर्मन लोक या गावाला 'क्योल्न' म्हणतात. आजीच्या औषधांच्या फळीवर जी यू-डी-कोलनची बाटली असायची ती याच गावची, हे मला इथं आल्यावर कळलं. घरात कुणाला ताप चढला की आजी रुमालाची घडी त्यात भिजवून कपाळावर ठेवायची. दरवर्षी थंडी संपता संपता या अख्ख्या गावालाच ताप चढतो आणि त्याला कुठलीही पट्टी लागू पडत नाही. त्या तापाचं नाव कार्निव्हल. राखेच्या बुधवारी ख्रिस्ती उपवासकाळ सुरू होतो, तर त्याआधी जे काय खायचं, प्यायचं, ओरडायचं ते उरकून घ्या, असा मूळ हिशोब. आपल्याकडे गटारी अमावास्येचा जो हिशोब आहे, तोच. फक्त आपण एका दिवसात भागवतो.

पण हा ताप जर्मन आहे, म्हणजे घड्याळ लावून चढतो. मोसम सुरू होतो ११ नोव्हेंबरला, सकाळी ११ वाजून ११ मिनिटांनी. ११ वाजून १० मिनिटांनी तुम्ही चौकात विदूषकाची टोपी घालून उभे असलात तरी तुम्ही सभ्य नागरिक असता. आम्ही सांगलीचे. आमच्याकडे पत्रिकेवर 'मिरवणूक दुपारी ठीक ४ वाजता' छापलेलं असतं, आणि त्यातला 'ठीक' हा शब्द वाचून लोक सातला जेवायला बसतात. धुमाकूळसुद्धा वेळेवर सुरू करता येतो, ही कल्पनाच मला नवीन होती. त्याच्या उलट, अभ्यास वेळेवर सुरू करता येतो ही कल्पना मला अजूनही नवीन आहे.

पेपर होता रांगांचा. हसू नका. रांगांचं रीतसर शास्त्र आहे आणि ते शिकण्यासाठी बाबांनी कर्ज काढलं आहे. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या एर्लांग नावाच्या गृहस्थांनी १९०९ साली फोनच्या कॉलचं गणित मांडलं आणि तिथून हे सगळं सुरू झालं. आपल्याकडे त्या काळात रांगा नव्हत्या असं नाही, पण आपण त्यांचं गणित मांडलं नाही, आपण ओळखीचा माणूस शोधला.

या विषयात मी एकदा गचकलो होतो. इथं एका विषयाला तीन संधी. तिसरीही गेली की विद्यापीठ तुमचा नाद सोडतं आणि त्याच अभ्यासक्रमाला जर्मनीत दुसरीकडेही दार उघडत नाही. ही माझी दुसरी खेप होती. इथले गुणही उलटे. एक म्हणजे सर्वोत्तम, चार म्हणजे काठावर पास, पाच म्हणजे नापास. घरी हे पहिल्या सत्रातच समजावून सांगितलं होतं. बाबांनी त्यातलं 'एक म्हणजे सर्वोत्तम' एवढंच ऐकलं आणि म्हणाले, "म्हणजे नंबर देतात. बरंय, आमच्या वेळेसारखं."

गुरुवारी सकाळी साडेदहाला मला एका कंपनीत मुलाखतीला जायचं होतं, विद्यार्थ्यांना आठवड्याला काही तास देतात तसली नोकरी. मामाच्या लग्नात घेतलेला टाय बाहेर काढला. लालसर, त्यावर बारीक सोनेरी बुट्टे, गाठ मामानेच बांधलेली. मी ती गेली पाच वर्षं सोडलेली नाही, नुसती सैल करून डोक्यातून काढतो. ट्राममध्ये चढलो आणि पहिल्यांदा वाटलं, आपल्याला जागरणाने भास होतायत. समोरच्या बाकावर एक गाय बसली होती. शेजारी दोन मधमाश्या. दारापाशी सहा फुटी केळं उभं होतं आणि ते फोनवर बातम्या वाचत होतं. पण अस्सल जर्मन ट्राममध्ये असते तशी शांतता. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. गायीने उतरताना "माफ करा" म्हणून वाट मागितली. पूर्ण डब्यात विचित्र दिसणारा माणूस एकच होता, आणि त्याच्या गळ्यात टाय होता.

मुलाखत झकास चालली होती. मी रांगांबद्दल बोलत होतो, साहेब मान डोलावत होते. त्यांच्या गळ्यात टाय नव्हता, ही खूण मला तेव्हाच कळायला हवी होती. बरोबर ११ वाजून ११ मिनिटांनी दार उघडलं. स्वागतकक्षातल्या बाई, सकाळी मला अत्यंत गंभीरपणे फॉर्म भरायला लावणाऱ्या, आता डोक्यावर लाल शिंगं लावून आत आल्या. हातात कात्री. मला वाटलं, फाईलची दोरी कापायला आल्या असतील. त्यांनी माझा टाय दोन बोटांत धरला, कचकन कापला, माझ्या गालाला गाल लावून हवेत एक पापी घेतली आणि बुट्ट्यांचा तुकडा खिशात टाकून पुढच्या खोलीकडे निघून गेल्या. गाठ माझ्या गळ्यात तशीच. मामाची बांधणी मजबूत.

साहेबांनी खुलासा केला. हा गुरुवार बायकांचा. पलीकडे बॉनजवळच्या बॉयल गावात १८२४ साली धुणं धुणाऱ्या बायकांनी एकजूट केली : नवरे कार्निव्हलला जाऊन नाचणार आणि आम्ही त्यांचे कपडे धुणार, हे चालायचं नाही. तेव्हापासून या दिवशी सत्ता बायकांची, आणि पुरुषी रुबाबाची खूण म्हणून टाय कापायचा. मला कारण एकदम पटलं. टायचं दुःख उरलंच, पण धोबिणींच्या बाजूने. दुपारी आईला फोनवर टाय कापल्याचं सांगितलं. पापीचं सांगितलं नाही. तिने विचारलं, "मग नोकरी देणार का?" मी म्हटलं, "कळवतो म्हणालेत." ती म्हणाली, "टाय कापून घेतलाय म्हटल्यावर द्यायलाच पाहिजे."

संध्याकाळी अभ्यासाला बसणार होतो, पण आमच्या घरातली चौथी खोली एका अस्सल कोलोनकर मुलीची आहे. तिच्या मते कार्निव्हलच्या गुरुवारी घरी बसणं बेकायदेशीर आहे. कोलोनची स्वतःची एक गमतीची राज्यघटना आहे, तिची कलमं ११, दुसरं काय असणार. पहिलं कलम सांगतं, जे आहे ते आहे. दुसरं : जे यायचं ते येतंच. तिसरं : आजवर सगळं नीटच पार पडलंय. मी म्हटलं, माझा पेपर आहे. ती म्हणाली, "कलम तीन." मी म्हटलं, मी एकदा नापास झालोय. म्हणाली, "मग कलम एक."

वेशभूषा नाही म्हणून मी सुटेन असं वाटलं होतं, तर तुर्की दादाने माझ्या कपाटातून कुर्ता आणि तयार फेटा शोधून काढला. ज्या कपड्यांत आमच्याकडे माणूस बोहल्यावर चढतो, त्या कपड्यांत मी सोंग म्हणून बाहेर पडलो. चौकात डोक्याला पिसं खोवलेले एक आजोबा भेटले. त्यांनी छातीवर हात ठेवून सांगितलं, "इंडियानर." मीही छातीवर हात ठेवून सांगितलं, "इंडर." जर्मनमध्ये आपल्याला इंडर म्हणतात आणि अमेरिकेतल्या मूळच्या लोकांना इंडियानर. कोलंबसाने केलेला घोटाळा या लोकांनी दोन-तीन अक्षरं वाढवून निस्तरला आहे. पण आजोबांना वाटलं, मी त्यांचाच शब्द चुकीचा उच्चारतोय. त्यांनी तो मला तीनदा म्हणायला लावला आणि नीट जमल्यावर पाठ थोपटली.

मग आम्ही एका पबमध्ये शिरलो. हा लेख आई वाचणार असल्यामुळे इथून पुढे प्रत्येक पेल्यात सफरचंदाचा रस आहे असं समजावं. कोलोनचा हा रस उभ्या बारीक पेल्यात मिळतो, पेला २०० मिलिलिटरचा, आपल्या फुलपात्राएवढा. तो आणणाऱ्या वाढप्याला क्योबेस म्हणतात. निळा अंगरखा, चेहऱ्यावर तुमच्याबद्दल किंचित तुच्छता. तुमचा पेला रिकामा झाला की न विचारता दुसरा ठेवतो, पेल्याखालच्या पुठ्ठ्याच्या चकतीवर पेन्सिलीने एक रेघ ओढतो. पुन्हा रिकामा, पुन्हा पेला, पुन्हा रेघ. मी म्हटलं, "नको, बास." तो ऐकेना. हात आडवा केला. त्याने हात उचलून बाजूला ठेवला आणि पेला ठेवला. मला एकदम भरून आलं. परदेशात आल्यापासून मला कुणी आग्रह केला नव्हता. इथं तुम्ही "नको" म्हटलंत की समोरचा खरंच वाढत नाही, आणि तुम्ही पहिल्यांदा "नको" फक्त रीत म्हणून म्हटलेलं असल्यामुळे उपाशी घरी येता. अख्ख्या जर्मनीत जिलबीच्या पंगतीतला वाढपी मला भेटला तो हा क्योबेस. थांबवायचं असेल तर ती चकती पेल्यावर झाकण म्हणून ठेवायची, हे मला शेवटी कळलं. तोवर चकतीवर जागा संपत आली होती. आई, रस खरंच चांगला असतो.

शुक्रवार. तारीख १३. शुक्रवारची १३ इथंही अपशकुनी मानतात, म्हणून ग्रंथालयात जागा मिळाली. तेवढंच.

शनिवारी व्हॅलेंटाइनच्या निमित्ताने मी कपडे धुतले. नंतर गावातल्या मराठी लोकांची शिवजयंतीची लेझीमची तालीम होती. भाड्याच्या हॉलमध्ये वीस माणसं, सोळा लेझीम, एक ढोल. रात्री १० नंतर आवाज चालत नाही, म्हणून शेवटची पंधरा मिनिटं लेझीम आवाज न करता खेळायची ठरली. तुम्ही कधी मुकी लेझीम बघितली आहे का? सोळा माणसं चकत्या मुठीत दाबून धरून, दात-ओठ खात, पाय आपटायचे ते अलगद टेकवत 'दोन पुढे एक मागे' करतायत. शेजारच्या हॉलमधून एक शिंगवाला विदूषक डोकावला, थोडा वेळ बघत राहिला आणि दार लोटून घेतलं.

महाशिवरात्र रविवारी आली ही देवाची मर्जी, पण रविवारी जर्मनीत दुकानं बंद असतात ही माणसाची. साबुदाणा आणायचा राहिला होता. गुरुवारी दुपारनंतर निम्मं गाव बंद, शुक्रवारी मी शहाण्यासारखा ग्रंथालयात, शनिवारी कपडे. फळीवर वुहानच्या मुलाच्या खणात टॅपिओकाचे मोती सापडले. तो ते दुधाच्या चहात घालून जाड नळीने ओढतो. दिसायला थेट साबुदाणा. विचारलं तर म्हणाला, घे.

सकाळी भिजत घातले. आमच्या घरी रात्री भिजवतात, वर बोटभर पाणी, सकाळी दाणा चिमटीत दाबला की मऊ. हे मोती दोन तासांत विरघळायला लागले. तूप-जिऱ्याच्या फोडणीत टाकले तर त्यांनी एकमेकांचे हात धरले आणि मग सोडायचं नाव घेईनात. वरून दाण्याचं कूट घातलं, तेही आत ओढलं गेलं. पाच मिनिटांत कढईत एकसंध, पारदर्शक, थरथरणारा गोळा तयार झाला. उलथनं त्यात उभं केलं तर उभंच राहिलं. आईला व्हिडिओवर दाखवलं. तिकडे संध्याकाळचे साडेचार, ती देवळातून नुकतीच आलेली. बराच वेळ बघून म्हणाली, "पिंडीसारखं दिसतंय. नमस्कार कर आणि बटाटा उकड."

दुपारी मन रमावं म्हणून खाली उतरलो, तर रविवारी शाळांच्या आणि गल्ल्यांच्या मिरवणुका असतात. गाड्यांवरून मुलं मुठी मुठी भरून गोळ्या-चॉकलेटं फेकत होती. त्या वर्षावाला इथं 'कामेले' म्हणतात, आणि रस्त्यावरचा जमाव 'कामेले, कामेले' म्हणून ओरडतो. मी उपाशीपोटी उभा, आणि आकाशातून खाऊ पडतोय. पुराणात देव अशीच परीक्षा घेतात. पिशवी भरून घरी आणली, ओट्यावर ओतली आणि पुन्हा आईला फोन लावला. आमची सुनावणी अर्धा तास चालली. दुधाचं चॉकलेट चालेल, "दूध आणि साखरच ना?" वेफर नको, त्यात गहू. लिमलेटच्या गोळ्या चालतील. मक्याच्या फुल्या नकोत. मग आल्या त्या रबरासारख्या ताणल्या जाणाऱ्या रंगीत अस्वलांच्या गोळ्या. मी पाकीट उलटून बारीक अक्षरं वाचली : जिलेटिन, डुकराचं. आई गप्प. मग हळूच म्हणाली, "मागच्या वर्षी तू घरी आणलेल्या त्याच का रे? आजीने दोन पाकिटं संपवली होती." आम्ही दोघांनीही तो विषय तिथेच बुडवला. आजीला सांगू नका. तुर्की दादाने दारातून अस्वलं पाहून मान हलवली. त्याच्याही खणात ती चालत नाहीत. सगळी अस्वलं कोलोनकर मुलीला गेली.

सोमवारची मिरवणूक मी बघणार नव्हतो. हे मी स्वतःला लेखी दिलं होतं. पण रस्ते बंद, दुकानं बंद, ट्राम अडकलेल्या, ग्रंथालय बंद. अभ्यास करायचा म्हटलं तरी खिडकीखालून बँड जात होता. मग पुस्तक घेऊन गेलो. अशी रीतसर मिरवणूक पहिल्यांदा निघाली १८२३ साली. ती सात-आठ किलोमीटर चालते आणि त्या एका दिवसात सुमारे ३०० टन गोडधोड फेकलं जातं असं लोक छाती फुगवून सांगतात. अनुभवी म्हाताऱ्या छत्री उलटी धरून उभ्या राहतात, चॉकलेटं आपोआप आत. कागदाच्या लगद्याचे दोन-दोन मजली पुढारी गाड्यांवरून जात होते, आणि ते ज्या अवस्थेत दाखवले होते ते पाहता आपल्याकडे देखावा करणाऱ्या मंडळाला सकाळीच नोटीस आली असती.

सगळ्यांत शेवटी तिघांचं राजमंडळ : राजपुत्र, शेतकरी आणि कुमारिका. ही कुमारिका परंपरेने पुरुष असते. दोन वेण्या, डोक्यावर बुरूजाच्या आकाराचा मुकुट, आणि जवळून पाहिलं तर गालावर दाढीची हिरवट झाक. १९३८ आणि १९३९ साली नाझींना हे बघवेना, त्यांनी तिथं खरी बाई बसवायला लावली. बाकी परंपरा चालूच आहे. मला त्यात काही नवल वाटलं नाही. पहिली मिरवणूक निघाल्यावर वीसच वर्षांनी, १८४३ ला, आमच्या सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' उभं केलं, तेव्हा स्त्रीपार्ट पुरुषच करत. शेजारच्या आजोबांना मी हे सांगायला गेलो. बँड फार मोठ्याने वाजत होता. त्यांना एवढंच कळलं की माझ्या गावात कुणाचं तरी लग्न आहे. त्यांनी मला एक फूल दिलं.

मग तो प्रसंग आला ज्यासाठी माझं उच्च शिक्षण चालू आहे. थंडी, सफरचंदाचा रस आणि सहा तास. तात्पुरत्या निळ्या स्वच्छतागृहांपुढे रांग. पुढची डोकी मोजली : ४०. थोडा वेळ घड्याळ लावून पाहिलं, मिनिटाला दोन माणसं आत जात होती. जॉन लिटल नावाच्या अमेरिकन प्राध्यापकांनी १९६१ साली सिद्ध केलेला नियम आहे : रांगेतली माणसं म्हणजे येण्याचा वेग गुणिले थांबण्याचा वेळ. म्हणजे चाळीसला दोनने भागा. वीस मिनिटं. वर्षभर जे सूत्र डोक्यात शिरत नव्हतं ते त्या वीस मिनिटांत माझ्या सर्वांगात भिनलं. माझ्यापुढे एक पुजारी, एक जिराफ आणि बर्फाची बाहुली होती. मी पुस्तक उघडलं. पुढचं प्रकरण : सोय ९० टक्के वापरात असली की तिथं सरासरी ९ माणसं असतात, आणि ९५ टक्के झाली की १९. पाचच टक्के वाढले आणि माणसं दुप्पट. म्हणजे संकट हळूहळू येत नाही, शेवटच्या पाच टक्क्यांत धावत येतं. अगदी माझ्या अभ्यासासारखं, आणि त्या घडीला अगदी माझ्यासारखं. जिराफाने मागे वळून विचारलं, "पुस्तक वाचतोयस?" मी म्हटलं, बुधवारी पेपर आहे. "कसला?" "रांगांचा." त्याने पुजाऱ्याला सांगितलं, पुजाऱ्याने बाहुलीला, आणि तिघांनीही मला पुढे जाऊ दिलं. हा प्रकार लिटलच्या नियमात बसत नाही. ओळखीच्या नियमात बसतो.

मंगळवारी घोड्याचं वर्ष लागलं. वुहानच्या मुलाने सकाळपासून कणीक मळून चंद्रकोरीचे डंपलिंग भरायला घेतले आणि मला कड्या मुरडायला बसवलं. माझ्या हाताला करंजीची सवय. त्याच्या डंपलिंगला साध्या चुण्या, माझ्याला आईच्या हाताची मुरड. त्याने एक उचलून दिव्याखाली बघितलं आणि म्हणाला, "हे कुणी शिकवलं?" नंतर त्याच्या आईला व्हिडिओवर दाखवलं. तिकडून बराच आवाज आला. त्याने भाषांतर केलं : "विचारतेय, याचं लग्न झालंय का." रात्री मी एका बाजूला सूत्रांचा कागद लिहीत होतो. पेपरला हाताने लिहिलेला एक कागद न्यायची परवानगी असते, दोन्ही बाजूंनी कितीही बारीक. तांदळावर नाव कोरणाऱ्याने शरमावं इतकं बारीक मी लिहिलं. त्यावर एक डंपलिंग निसटून पडलं.

मध्यरात्री कोलोनकर मुलगी दार ठोठावत आली. "नुबेलला जाळायचं आहे, चल." कार्निव्हलच्या दिवसांत पुष्कळ पबच्या दारावर गवताचा एक बाहुला टांगलेला असतो. शेवटच्या रात्री त्याला खाली उतरवतात, एक खोटा पाद्री आरोपपत्र वाचतो : उधारी कुणी केली? जमाव ओरडतो, नुबेलने! बायकोला खोटं कुणी सांगितलं? नुबेलने! सहा दिवसांतली सगळी पापं त्याच्या माथी मारून त्याला पेटवतात. होळीची बोंब मी पुष्कळ मारली आहे, पण तिथं दुसऱ्याच्या नावाने मारतात. इथं स्वतःची पापं रीतसर दुसऱ्याच्या खात्यात वळती करण्याची सोय आहे, ही मला फारच प्रगत वाटली. शेवटी पाद्र्याने विचारलं, आणखी काही? मी मागून ओरडलो, "अभ्यास कुणी केला नाही?" क्षणभर शांतता. मग शंभर माणसं एका आवाजात माझ्या बाजूने ओरडली. मला रडू आलं. आई, तो धूर होता.

बुधवारी सकाळी गाव धुवून काढल्यासारखं. ट्राममध्ये केळं नव्हतं, पण त्या जागेवर त्याच उंचीचा एक माणूस कोट घालून उभा होता आणि फोनवर बातम्या वाचत होता. परीक्षेच्या दालनात पर्यवेक्षक बाईंच्या कपाळावर राखेचा क्रॉस. देवळात सकाळी लावून घेतात, मागच्या वर्षीच्या ताडाच्या फांद्या जाळून केलेली राख. मला शिवरात्रीचं भस्म आठवलं आणि हात आपोआप जोडले गेले. त्यांनी माझा कागद हातात घेतला. डंपलिंगच्या तेलाने मधला भाग आरपार झाला होता, पुढची सूत्रं मागून दिसत होती. त्यांनी तो खिडकीकडे धरून पाहिला. दोन बाजूंच्या चार बाजू झाल्यात का, अशी त्यांना शंका असावी. मग परत दिला.

तिसरा प्रश्न असा होता : एका काउंटरवर सरासरी ४० ग्राहक थांबलेले आहेत, मिनिटाला दोन येतात, तर सरासरी प्रतीक्षा किती? बाकीची मुलं कागदावर आकडेमोड करत होती. मी डोळे मिटले, आणि मला निळा दरवाजा दिसला.

गुरुवारी स्वयंपाकघरात कालनिर्णयाच्या शेजारी महाराजांचा फोटो लावला, झेंडूऐवजी सोमवारी मिळालेलं फूल वाहिलं. प्रसाद म्हणून कामेलेतली उरलेली चॉकलेटं. तुर्की दादाने त्याचं चॉकलेट खिडकीत ठेवलं आणि फोनवर सूर्यास्ताची वेळ बघितली. इथल्या फेब्रुवारीत ती सहाच्या आसपास असते. सहा वाजायच्या आत आम्ही चौघं ओट्याशी उभे होतो. त्याने खजूर वाटले, मी चॉकलेट, वुहानच्या मुलाने उरलेल्या करंज्या, म्हणजे डंपलिंग. कोलोनकर मुलीने त्यातलं काही घेतलं नाही. ईस्टरपर्यंत गोड बंद, म्हणाली, आणि डब्यातलं अस्वल उचलून तोंडात टाकलं. "हे गोड नाही," म्हणाली. "हे कलम एक आहे."

निकाल लागला तो गुढीपाडव्याच्या दिवशी, १९ मार्चला. ४.०. मी पास झालो होतो, काठावर, अगदी काठाच्याही काठावर. लगेच घरी फोन लावला. मागे गुढीच्या पूजेची घंटा वाजत होती.

"बाबा, झालो पास. चार."

"चौथा?" बाबा दुसरीकडे तोंड करून ओरडले, "अहो, ऐकलंत का, चौथा आला!" मग पुन्हा फोनवर, जरा हळू, "पहिले तिघं कोण रे?"

"इथलीच मुलं, बाबा. जर्मन."

"असू दे," बाबा म्हणाले. "त्यांना भाषेचा फायदा मिळतो."